पासष्टची रेषा

व्यक्तिमत्त्वाचे मापन करणाऱ्या प्रमाणित प्रश्नावल्यांविषयी मानसशास्त्रात गेली शंभर वर्षे जो वाद चालू आहे, त्याचे बहुतेक धागे एकाच साधनाच्या इतिहासात एकत्र सापडतात. ते साधन म्हणजे मिनेसोटा बहुअंगी व्यक्तिमत्त्व शोधिका, जी जगभर ‘एमएमपीआय’ या आद्याक्षरांनीच ओळखली जाते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयात काम करणारे मानसशास्त्रज्ञ स्टार्क हॅथवे आणि मज्जा व मनोविकारांचे तज्ज्ञ जे. सी. मॅकिन्ली यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस ती रचायला घेतली आणि १९४३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. झोप, भूक, देवधर्म, घरची भांडणे, वाचनाची आवड अशा नाना विषयांवरची साडेपाचशे छोटी विधाने आणि प्रत्येकापुढे ‘खरे’ किंवा ‘खोटे’ एवढीच खूण, असे तिचे मूळ बाह्य रूप होते. या खुणा मोजून जो आलेख तयार होतो त्यावर पासष्ट गुणांकाच्या ठिकाणी एक आडवी रेषा असते आणि तिच्या वर गेलेल्या माणसाविषयी काय म्हणावे, हाच खरा वादाचा विषय आहे.

पुढील संवादातील दोन्ही वक्ते कल्पित आहेत. त्यांच्या भूमिका मात्र या क्षेत्रात प्रत्यक्ष मांडल्या गेलेल्या आहेत. त्यांपैकी एक मानसमापनशास्त्राचे, म्हणजे मनाचे गुणधर्म आकड्यांत मोजण्याच्या शास्त्राचे प्राध्यापक असून दुसऱ्या आहेत सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात काम करणाऱ्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, ज्यांचा दिवस मुलाखतींत जातो आणि ज्यांच्या टेबलावर ‘टेस्टिंग’साठी आलेल्या कागदांचा गठ्ठा कधी कमी होत नाही.

प्राध्यापक : या शोधिकेचे मोठेपण समजून घ्यायचे तर तिच्या आधी काय होते ते पाहावे लागते. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याखाली मन खचणारे सैनिक आधीच ओळखता यावेत म्हणून रॉबर्ट वुडवर्थ यांनी १९१७ पासून ११६ प्रश्नांची एक यादी तयार केली होती, परंतु ती वापरात येईपर्यंत युद्धच संपले. त्या यादीत आणि तिच्यानंतर आलेल्या प्रश्नावल्यांत प्रश्नाचा हेतू उघड असे. उत्तर देणाऱ्याला आपण काय लपवावे हे सहज कळत असे आणि प्रश्न रचणाऱ्यालाही आपल्याला सुचलेला प्रश्न आजाराशी संबंधित आहेच असे वाटत असे. हॅथवे यांनी हे दोन्ही विश्वास बाजूला ठेवले. त्यांनी विधानांचा मोठा साठा जमवला, निदान पक्के झालेल्या रुग्णांचे गट आणि रुग्ण नसलेल्या माणसांचा एक गट यांना तीच विधाने दिली आणि ज्या विधानांवर या दोन गटांची उत्तरे लक्षणीयरीत्या वेगळी पडली तेवढीच त्या त्या मापनीत ठेवली. या पद्धतीला अनुभवाधिष्ठित निवड म्हणतात. तिच्यात विधानाचा अर्थ काय, यापेक्षा ते विधान कोण खरे म्हणतो, याला महत्त्व आहे. आवडत्या मासिकाविषयीचे एखादे साधे विधान खिन्नतेच्या मापनीत आले असेल, तर ते का आले याचे स्पष्टीकरण नसले तरी चालते, कारण ते काम करते एवढे सिद्ध झालेले असते.

चिकित्सक : ते काम करते, पण कोणाच्या तुलनेत, हा प्रश्न त्या वाक्यात दडून राहतो, सर. रुग्ण नसलेल्यांचा तो गट कोणता होता हे आपल्या विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. रुग्णांना भेटायला आलेले नातेवाईक आणि मित्र, असे ते एकूण ७२४ लोक होते. मिनेसोटातले, जवळजवळ सगळे गोरे, सरासरी पस्तिशीचे, विवाहित, बहुतेक खेड्यांत किंवा छोट्या गावांत राहणारे आणि साधारण आठवीपर्यंत शिकलेले. त्यांची उत्तरे म्हणजे ‘सर्वसामान्य माणूस’ असे ठरले आणि पुढची चार-पाच दशके न्यूयॉर्कमधल्या कारकुनापासून तुरुंगातल्या कृष्णवर्णीय तरुणापर्यंत सगळ्यांना त्या माणसाशेजारी उभे करून मोजले गेले. पुरुषत्व-स्त्रीत्व मापनीची गोष्ट तर आणखी वाईट आहे. समलैंगिकता हा विकार मानला जात असलेल्या त्या काळात, ती मापनी रचताना ज्या समलैंगिक पुरुषांची उत्तरे आधाराला घेतली ते अवघे तेरा होते. तेरा माणसांवरून काढलेली रेघ लाखो माणसांच्या कागदांवर ओढली गेली.

प्राध्यापक : तेराचा आकडा नाकारता येत नाही आणि त्या मापनीचे समर्थन करण्याची कोणाची इच्छाही नसावी. तथापि हा दोष कसा उघड झाला, इकडे मॅडमनी लक्ष द्यावे. माल्कम गिंथर यांनी १९७२ मध्ये गोऱ्यांच्या मानकांवर कृष्णवर्णीयांना मोजण्याविरुद्ध जो लेख लिहिला, तो दोन गटांचे आकडे शेजारी ठेवता आले म्हणूनच लिहिता आला. १९८३ मध्ये मेयो क्लिनिकच्या रॉबर्ट कॉलिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तत्कालीन निरोगी लोकांची चाचणी घेऊन दाखवले की, जुन्या मानकांवर त्यांचे गुणांक वरच पडतात. म्हणजे लोक बदलले होते, मोजपट्टी तीच राहिली होती. त्यानंतर १९८९ मध्ये शोधिकेची दुसरी आवृत्ती आली, तिच्यासाठी सात राज्यांतून २६०० माणसे घेतली गेली, कालबाह्य आणि आक्षेपार्ह विधाने काढली गेली, विधानांची संख्या ५६७ झाली. २००८ मध्ये मापन्यांची नव्याने बांधणी झाली आणि २०२० मध्ये ३३५ विधानांची तिसरी आवृत्ती नव्या मानकांसह प्रसिद्ध झाली. मुलाखत घेणाऱ्याच्या मनातल्या ‘सर्वसामान्य माणसाची’ मानके कोणत्या वर्षी काढली, त्या नमुन्यात किती लोक होते आणि त्याची सुधारित आवृत्ती केव्हा निघाली, याची नोंद मात्र कुठेही मिळत नाही.

प्राध्यापकांच्या या शेवटच्या वाक्यात जो टोला आहे तो दिसतो त्यापेक्षा जड आहे आणि चिकित्सकांच्या वर्तुळात त्याचे वजन सहसा कमी लेखले जाते. हॅथवे यांचेच विद्यार्थी आणि मिनेसोटा विद्यापीठातच आयुष्य घालवलेले पॉल मील यांनी १९५४ मध्ये एक छोटेसे पुस्तक लिहून, अनुभवी तज्ज्ञाने स्वतःच्या अंदाजाने केलेले भाकीत आणि त्याच माहितीवरून ठरलेल्या सूत्राने केलेले भाकीत यांची तुलना करणारे सुमारे वीस अभ्यास एकत्र मांडले. जवळजवळ प्रत्येक अभ्यासात सूत्र तज्ज्ञाच्या बरोबरीचे किंवा त्याच्याहून सरस ठरले होते. २००० साली विल्यम ग्रोव्ह आणि सहकाऱ्यांनी १३६ अभ्यास तपासले तेव्हाही चित्र पालटले नाही. तज्ज्ञ सरस ठरल्याची उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली. ज्या व्यवसायाचा अभिमान ‘माणूस वाचता येणे’ यावर उभा आहे त्याला हा निष्कर्ष पचणे कठीण जाते, हे समजण्यासारखे आहे. पण कठीण जाते म्हणून तो चुकीचा ठरत नाही.

चिकित्सक : मील स्वतः मनोपचारही करीत असत, हे सांगितल्याशिवाय त्यांचे नाव घेणे अर्धवट होईल. त्यांनी तुलना केली ती भाकितांची : हा रुग्ण बरा होईल का, हा कैदी पुन्हा गुन्हा करील का, हा विद्यार्थी उत्तीर्ण होईल का. बाह्यरुग्ण विभागात बसलेल्या माणसापुढे असा एकच, हो-नाही उत्तराचा प्रश्न क्वचितच असतो. ज्या बाईला सहा महिने झोप नाही तिच्याबाबत खिन्नतेचा गुणांक अठ्ठ्याहत्तर आला, हे कळल्याने उपचाराची सुरुवात होते असे नाही. नवऱ्याची नोकरी गेल्यापासून सासरच्या घरात ती कशी राहते आहे हे कळल्यावर होते, आणि ते पाचशे विधानांत कुठेही विचारलेले नाही. शिवाय तो अठ्ठ्याहत्तर तरी अठ्ठ्याहत्तरच असतो का?

प्राध्यापक : नसतो, आणि प्रामाणिक मापनशास्त्र हे कधीच लपवत नाही. या शोधिकेतला गुणांक ‘टी-गुणांक’ असतो. त्यात मानक गटाची सरासरी पन्नास धरलेली असते आणि गुणांकांचा पसारा किती आहे हे सांगणारे प्रमाण विचलन दहा धरलेले असते. दुसऱ्या आवृत्तीपासून पासष्ट ही रेषा अशी बसवली आहे की, मुख्य मापन्यांवर मानक गटातील साधारण ब्याण्णव टक्के लोक तिच्या खाली राहतात. याचा सरळ अर्थ असा की, कोणताही आजार नसलेल्या शंभर जणांपैकी आठ जण एखाद्या मापनीवर तिच्या वर सापडणारच, आणि अशा आठ मापन्या एकाच वेळी पाहिल्या तर किमान एका मापनीवर रेषा ओलांडणाऱ्यांचे प्रमाण आठ टक्क्यांपेक्षा बरेच वाढते. आता विश्वसनीयतेचा, म्हणजे तेच मापन पुन्हा केले असता तोच आकडा येण्याचा प्रश्न. एखाद्या मापनीची विश्वसनीयता ०.८० असेल, तर मापनातील प्रमाण त्रुटी साडेचार गुणांची येते. म्हणजे कागदावर पासष्ट आलेल्या माणसाचा खरा गुणांक छप्पन्न ते चौऱ्याहत्तर या पट्ट्यात कुठेही असू शकतो, असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. अहवालात ‘६५ : विकृत’ असे लिहिणाऱ्याने शोधिका वापरलेली नसते, तिचा शिक्का वापरलेला असतो.

चिकित्सक : असे शिक्के मारलेले अहवाल रोज समोर येतात, हीच तर तक्रार आहे.

प्राध्यापक : ती तक्रार अहवाल लिहिणाऱ्यांविरुद्ध आहे. शोधिका स्वतः आपल्याविषयी संशय घेण्याची जितकी सोय करते तितकी दुसरे कोणतेही साधन करीत नाही. तिच्यात आजारांच्या मापन्यांबरोबर सप्रमाणतेच्या मापन्या असतात, म्हणजे मिळालेली उत्तरे ग्राह्य मानावीत की नाही हे तपासणाऱ्या मापन्या. ‘एल’ मापनीतली विधाने कधीमधी राग येणे, क्षुल्लक गोष्टीत खोटे बोलणे अशा सर्वांच्याच किरकोळ दोषांविषयीची असतात. ते सगळेच दोष नाकारणारा माणूस एकतर संत असतो किंवा स्वतःला फार चांगले दाखवत असतो. ‘एफ’ मापनीत मानक गटाने फार क्वचित खरी म्हटलेली विधाने असतात, त्यामुळे तिच्यावरचा मोठा गुणांक अतिशयोक्ती, गोंधळ किंवा न वाचता केलेल्या खुणा यांची सूचना देतो. पुढे मील आणि हॅथवे यांनी १९४६ मध्ये ‘के’ ही तीस विधानांची मापनी जोडली, जी बचावाची सूक्ष्म वृत्ती पकडते, आणि तिच्या गुणांकाचा ठरलेला हिस्सा काही आजारांच्या मापन्यांत मिळवून दुरुस्ती करण्याची पद्धत सुरू झाली.

चिकित्सक : ‘एफ’ची जी यादी आपण आता दिली तिच्यातच अडचण आहे. अतिशयोक्ती, गोंधळ, न वाचणे. यात चौथे कारण मिळवावे लागेल : माणूस खरोखर तितका आजारी असणे. आणि पाचवे : ‘माझ्याकडे लक्ष द्या’ असे सांगण्याची दुसरी वाट न सापडणे. एकाच आकड्याची पाच कारणे असतील, तर कोणते कारण हे आकडा सांगत नाही. समोर बसून विचारावे लागते. आपल्याकडच्या बाह्यरुग्ण विभागात तर सहावे कारणही असते. रुग्णाला घेऊन आलेला भाऊ किंवा सासरा शेजारी बसून विधाने वाचून दाखवतो आणि रुग्ण बोलण्याआधी स्वतःच ‘हो, हो, असंच करते ही’ म्हणतो. मग तो गुणांक कोणाच्या व्यक्तिमत्त्वाचा? आणि दुष्ट शक्तींचा आपल्यावर प्रभाव पडतो अशा आशयाच्या विधानावर मिनेसोटाच्या खेड्यातल्या माणसाने ‘खरे’ म्हणणे हे दुर्मीळ असेल. ज्या गावात जत्रेला दरवर्षी चारचौघांच्या अंगात येते आणि लोक त्यांच्या पाया पडतात, तिथल्या बाईने तसे म्हटले तर त्यात दुर्मीळ काय आहे? तिचा गुणांक वाढतो तो तिच्या आजाराने की तिच्या गावाने, हे कागदाला कळत नाही.

प्राध्यापक : हा आक्षेप शोधिकेवर नाही, स्थानिक मानकांच्या अभावावर आहे, आणि तो पूर्णपणे मान्य करायला हवा. विधाने मराठीत आली म्हणजे मानके मराठी झाली असे नाही. मराठी बोलणाऱ्या, वेगवेगळ्या वयाच्या, जातींच्या, शिक्षणाच्या आणि गावांच्या निरोगी माणसांचा पुरेसा मोठा नमुना घेऊन ती पुन्हा काढावी लागतात आणि ते काम पैशांचे, चिकाटीचे आणि कंटाळवाणे असते. ते न करता परकी रेषा वापरणे म्हणजे दुसऱ्याच प्रयोगशाळेच्या संदर्भमूल्यांवर रक्ताचा अहवाल वाचण्यासारखे आहे. आकडा बरोबर असतो, पण तो जास्त की कमी हे सांगणारा स्तंभ चुकीचा असतो.

इथपर्यंतचा वाद परिचित वळणाने गेला : एकाने आकड्याची बाजू घ्यावी, दुसऱ्याने माणसाची. पण हीच शोधिका रुग्णालयातून बाहेर पडून कचेरीत गेली तेव्हा काय घडले, हा प्रश्न निघताच बाजू अनपेक्षितपणे बदलतात. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर नोकरभरतीत व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्या इतक्या पसरल्या की विल्यम व्हाइट यांनी १९५६ च्या ‘द ऑर्गनायझेशन मॅन’ या पुस्तकाला अशा चाचण्यांत फसवणूक कशी करावी याचे एक परिशिष्टच जोडले. १९६५ मध्ये सरकारी नोकरांना लैंगिक आणि धार्मिक विधाने विचारण्यावरून अमेरिकन संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या उपसमित्यांनी सुनावण्या घेतल्या. आज पुण्या-मुंबईतल्या भरतीतही अशा ऑनलाइन प्रश्नावल्या सर्रास दिसतात, आणि त्यांतल्या कित्येक तर एमएमपीआयसारख्या कसून तपासलेल्याही नसतात.

चिकित्सक : तिथे निदान एक गोष्ट बरी असते असे म्हणता येईल. उमेदवार निरोगी असतो, शिकलेला असतो, स्वतः वाचून खुणा करतो, शेजारी सासरा नसतो. रुग्णालयात जे साधन लंगडते ते तिथे नीट चालायला हवे.

प्राध्यापक : नेमके उलट आहे, आणि त्याचे कारण नीतीत शोधण्याआधी अंकगणितात सापडते. मील आणि अल्बर्ट रोझेन यांनी १९५५ मध्येच ते मांडले होते. समजा, एखादी चाचणी खरोखर दोष असलेल्या शंभरांपैकी ऐंशी जणांना पकडते आणि दोष नसलेल्या शंभरांपैकी वीस जणांवर चुकून बोट ठेवते. मानसिक मापनात ही कामगिरी चांगली म्हणावी लागेल. आता रुग्णालयात एक हजार माणसे तपासली, त्यांत तो विकार असलेले चारशे आहेत असे धरू. चाचणी त्यांतले ३२० पकडील आणि उरलेल्या सहाशेंपैकी १२० वर चुकीचा ठपका ठेवील. एकूण ४४० जणांवर बोट, त्यांतले ३२० खरे, म्हणजे सुमारे ७३ टक्के. आता तीच चाचणी भरतीच्या हजार उमेदवारांना द्या, ज्यांत धोक्याचे म्हणता येतील असे फक्त पन्नास आहेत. ती चाळीस खरे पकडील आणि ९५० निर्दोष माणसांपैकी १९० जणांवर ठपका ठेवील. बोट ठेवलेल्या २३० पैकी खरे चाळीस, म्हणजे १७ टक्के. शोधिका तीच, कागद तोच, रेषा तीच. बदलले ते फक्त मूळ प्रमाण, म्हणजे तपासायच्या आधीच त्या गटात तो गुणधर्म किती जणांत आहे हे प्रमाण. आणि रुग्णालयातल्या १२० चुका पुढच्या मुलाखतीत सापडू शकतात. कचेरीतल्या १९० जणांना कोणी पुन्हा बोलावत नाही. त्यांना आपण कोणत्या रेषेच्या वर गेलो हेही कळत नाही.

प्राध्यापकांचे हे उदाहरण कल्पित आकड्यांचे असले तरी त्यातील तर्क कोणत्याही चाचणीला लागू पडतो आणि व्यक्तिमत्त्वमापनाच्या सगळ्या वादात तोच सर्वांत कमी उच्चारला जातो, याचे नवल वाटते. एखादी प्रश्नावली ‘चांगली’ आहे की ‘वाईट’, हा प्रश्न ती कुठे, कोणासाठी आणि चूक झाल्यास ती पकडणारे पुढे कोण आहे, हे ठरल्याशिवाय विचारताच येत नाही. अमेरिकन न्यायालये याच निष्कर्षावर कायद्याच्या वाटेने पोचली. टार्गेट या दुकानसाखळीने सुरक्षारक्षकांच्या भरतीसाठी एमएमपीआय आणि दुसरी एक शोधिका मिळून ७०४ विधानांची चाचणी लावली होती; कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने १९९१ मध्ये म्हटले की, धर्म आणि लैंगिकतेविषयीच्या विधानांचा या कामाशी संबंध कंपनीने दाखवलेला नाही. खटला पुढे तडजोडीने मिटला. रेंट-ए-सेंटर या कंपनीने बढतीसाठी एमएमपीआयची विधाने वापरली तेव्हा २००५ मध्ये सातव्या परिमंडळाच्या संघीय अपील न्यायालयाने ती वैद्यकीय तपासणीच आहे असे ठरवले, कारण विकार शोधण्यासाठीच ती रचलेली आहे. आणि अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या १९९० च्या कायद्याने अशा तपासणीवर बंधने घातलेली आहेत. आपण फक्त कामाला लागणारे गुण पाहत होतो, हा कंपनीचा युक्तिवाद टिकला नाही.

चिकित्सक : मग सरांचा विश्वास जिथे मुलाखत आहे तिथेच चाचणीवर बसतो, असे म्हणावे लागेल.

प्राध्यापक : जिथे चूक दुरुस्त होण्याची सोय आहे तिथे. ती सोय मुलाखतच असली पाहिजे असे नाही, पण बहुधा ती असते, हे मान्य.

चिकित्सक : आणि मुलाखतीतही एक सापळा असतो, जो मुलाखत घेणाऱ्यांनी आधी मान्य करायला हवा. बर्ट्रम फोरर यांनी आपल्या वर्गातील ३९ विद्यार्थ्यांना एक व्यक्तिमत्त्व चाचणी दिली आणि नंतर प्रत्येकाला ‘त्याचे स्वतःचे’ म्हणून एक वर्णन दिले; ते वर्णन सर्वांना एकच होते आणि त्यातली वाक्ये बहुतांशी ज्योतिषाच्या एका बाजारू पुस्तकातून घेतली होती. विद्यार्थ्यांनी ते आपल्याला किती लागू पडते याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. १९४९ मध्ये हे प्रसिद्ध झाले. ‘बाहेरून खंबीर, आतून हळवी’ असे वाक्य अहवालात लिहिले की रुग्ण मान डोलावतो, नातेवाईकही डोलावतात आणि लिहिणाऱ्याला आपले निदान अचूक ठरल्याचा आनंद होतो. शोधिकेच्या बाजूने खरे बोलायचे तर तिचा आलेख अशी सर्वांना लागू पडणारी वाक्ये लिहीत नाही. ती वाक्ये नंतर मानसशास्त्रज्ञ लिहितात.

प्राध्यापक : मॅडमच्या तोंडून हे ऐकायला मिळेल असे वाटले नव्हते.

चिकित्सक : म्हणून निष्कर्ष बदलत नाही. निकालाचा उपयोग अहवालाच्या फाइलमध्ये होत नाही, तो उत्तर देणाऱ्याशी बोलताना होतो. स्टीफन फिन आणि मेरी टॉन्सेगर यांनी १९९२ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात प्रतीक्षायादीवर असलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना एमएमपीआयच्या दुसऱ्या आवृत्तीचा निकाल समजावून सांगितला, त्यांचे मत विचारत विचारत सांगितला, आणि ज्यांना फक्त तेवढेच लक्ष मिळाले पण निकाल मिळाला नाही अशांच्या तुलनेत त्यांचा मानसिक त्रास कमी झाल्याचे व स्वाभिमान वाढल्याचे आढळले. सहभागी मूल्यमापन म्हणतात ते हेच. ‘हा आकडा वर आला आहे, तुम्हाला यात काय ओळखीचे वाटते?’ असे विचारले की, ‘एफ’ची सहा कारणे रुग्ण स्वतः निवडून देतो.

प्राध्यापक : आलेख दाखवावा, त्याला हरकत नाही. पण तिथून पुढे विधानेच समोर ठेवून ‘तुम्ही याला खरे का म्हटले?’ असे विचारण्याकडे जाणारी वाट धोक्याची आहे. एका विधानाची विश्वसनीयता फार कमी असते, मापनीला बळ येते ते अनेक विधानांच्या बेरजेतून. शिवाय विधाने उघड चर्चेत आली की ती पसरतात आणि पसरलेली विधाने पुढच्या उत्तरदात्याच्या बाबतीत मापन करीत नाहीत, त्याची तयारी करून देतात.

चिकित्सक : आत्महत्येविषयीच्या विधानावर ‘खरे’ अशी खूण दिसली तर बेरजेची वाट पाहावी का?

प्राध्यापक : नाही. तिथे त्याच दिवशी विचारावे, गुणांक काढण्याआधी विचारावे. तो अपवाद शोधिकेच्या मार्गदर्शिकेतही आहे. पण अपवादाचा नियम करू नये.

चिकित्सक : रुग्णालयात असे अपवाद बरेच येतात.

प्राध्यापक : मग निदान क्रम तरी ठरवावा. आधी मुलाखत, मग त्या मुलाखतीवरून झालेले मत आणि पुढे काय घडेल याचा अंदाज लेखी नोंदवून ठेवणे, आणि त्यानंतरच शोधिकेचा आलेख उघडणे. आलेख आधी पाहिला की मुलाखतीत तोच दिसू लागतो. अशा नोंदी पाच-सात वर्षे साठल्या तर मील यांची तुलना इथल्या रुग्णांवर, इथल्या भाषेत करून पाहता येईल आणि मराठी मानकांच्या कामालाही कुठून तरी सुरुवात होईल.

चिकित्सक : नोंदी ठेवता येतील. बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाला जेवढा वेळ मिळतो त्यात दोन ओळींपेक्षा जास्त लिहिणे होणार नाही, पण दोन ओळी होतील. चुका मात्र कोण मोजणार?

प्राध्यापक : विभागातले विद्यार्थी मोजतील.

चिकित्सक : मोजू देत. फक्त त्यांनी मुलाखतीच्या चुका एका रकान्यात मांडल्या, तर शोधिकेच्या चुका शेजारच्या रकान्यात त्याच कसोटीने मांडाव्यात, आणि ज्या रुग्णांच्या कागदावर सासऱ्याने खुणा केल्या असतील त्यांच्यासाठी तिसरा रकाना ठेवावा.

प्राध्यापकांनी तिसऱ्या रकान्याला आक्षेप घेतला नाही. तो भरण्यासाठी कोणती कसोटी लावायची, एवढेच त्यांनी विचारले, आणि त्याचे उत्तर चिकित्सकांकडेही तयार नव्हते.